घर्षणाची गणितं: आधी किती लागतं ते काढा, मग किती मिळतं ते बघा

जमिनीवर २०० न्यूटन वजनाचा ठोकळा ठेवला आहे. ठोकळा आणि जमीन यांच्यातला स्थिर घर्षणगुणांक ०.३ आहे. ठोकळ्याला आडवं ५० न्यूटन बलाने ढकललं, तर घर्षणबल किती?

डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न टाकला की बरीच मुलं झटकन ०.३ गुणिले २०० करतात आणि ६० न्यूटन सांगतात. खरं उत्तर ५० आहे. घर्षण खरोखर ६० असतं, तर ५० न्यूटनने ढकललेला ठोकळा ढकलणाऱ्याच्याच अंगावर आला असता! घर्षण स्वतःहून कुणाला ढकलत नाही. ठोकळा जागेवर राहावा म्हणून जेवढं बल लागतं, तेवढंच ते देतं. ६० ही त्याची कमाल मर्यादा आहे. ४० न्यूटनने ढकला, घर्षण ४०. ५९ ने ढकला, ५९. हात काढून घ्या, शून्य.

अप्लाइड मेकॅनिक्समधल्या घर्षणाच्या गणितांत मुलं अडतात, त्यातला मोठा भाग या एका गैरसमजातून येतो. म्हणून ‘एफ बरोबर म्यू एन’ (एफ म्हणजे घर्षणबल, म्यू म्हणजे घर्षणगुणांक, एन म्हणजे पृष्ठभाग वस्तूला काटकोनात देतो ते बल) हे सूत्र हाती घेण्याआधी दोन वेगळे प्रश्न विचारायची सवय लावा. संतुलनासाठी घर्षण किती लागतं? आणि पृष्ठभाग जास्तीत जास्त किती देऊ शकतो? पहिल्याचं उत्तर संतुलनाच्या समीकरणांतून येतं, दुसऱ्याचं म्यू एन मधून. लागणारं मिळणाऱ्यापेक्षा कमी असेल तर वस्तू स्थिर, आणि घर्षण म्हणजे लागणारं बल. जास्त असेल तर वस्तू सरकली. मग स्थिर गुणांक बाजूला ठेवून गतिक गुणांक, म्हणजे सरकत्या वस्तूचा गुणांक घ्यायचा. वरच्याच ठोकळ्याला ८० न्यूटनने ढकललं आणि गतिक गुणांक ०.२५ असला, तर घर्षण ५०, उरलेलं बल ३० न्यूटन, वस्तुमान २०० भागिले ९.८१ म्हणजे २०.४ किलो, आणि त्वरण साधारण १.४७ मीटर प्रति सेकंद वर्ग.

हे नियम तसे जुने आहेत. फ्रान्सच्या गियोम आमोंताँने १६९९ मध्ये मांडलं, की घर्षण दाबाच्या प्रमाणात असतं आणि स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. पुढे शार्ल कुलोमने रोशफोर बंदरात लाकूड, धातू आणि दोरखंड घेऊन सविस्तर प्रयोग केले आणि त्या कामाला १७८१ साली पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस मिळालं. विद्युतभाराच्या नियमाला ज्याचं नाव आहे, तोच हा कुलोम. क्षेत्रफळाचा मुद्दा लक्षात ठेवा. वीट आडवी ठेवली काय किंवा उभी ठेवली काय, सरकवायला लागणारं बल तेवढंच राहतं. गणितात लांबी-रुंदी दिली असेल, तर ती घर्षणासाठी क्वचितच असते. बहुतेक वेळा ती वस्तू उलटेल का हे तपासायला दिलेली असते. त्याकडे पुढे येऊ.

गणित वाचताना

पेन उचलण्याआधी प्रश्नातली क्रियापदं शोधा. ‘जस्ट टू मूव्ह’, ‘इम्पेंडिंग मोशन’, ‘लिमिटिंग इक्विलिब्रियम’, ‘मिनिमम फोर्स रिक्वायर्ड’ असं काही दिसलं, तर वस्तू सरकण्याच्या अगदी बेतात आहे आणि एफ बरोबर म्यू एन लिहायला तुम्हाला परवानगी आहे. ‘वस्तू संतुलनात आहे का ते ठरवा’ किंवा नुसतं ‘घर्षणबल काढा’ असेल, तर ती परवानगी नाही. तिथे एफ हे अज्ञात बल धरायचं, समीकरणांतून काढायचं आणि शेवटी म्यू एनशी ताडून बघायचं. तिसऱ्या प्रकारात वस्तूला एकाहून जास्त वाटा असतात. सरकेल की उलटेल? वरचा ठोकळा आधी सरकेल की खालचा? अशा वेळी प्रत्येक वाटेसाठी लागणारं बल वेगळं काढायचं. ज्या वाटेला सर्वांत कमी बल पुरतं, ती वाट खरी.

वजन किलोमध्ये दिलं आहे की न्यूटनमध्ये, तेही याच वेळी बघून घ्या. ५० किलोचा ठोकळा म्हणजे ४९०.५ न्यूटन. एकदा ९.८१ ने गुणायचं राहिलं, की पुढचं सगळं बरोबर करूनही उत्तर चुकतं.

फ्री बॉडी डायग्राम

एफबीडी काढायला आळस करू नका. घर्षणाच्या गणितात निम्मे कष्ट इथेच संपतात. वस्तू तिच्या आजूबाजूच्या सगळ्यापासून सुटी करून काढा आणि जिथे जिथे काही तिला टेकत होतं, तिथे त्याच्या जागी बाण काढा. वजनाचा बाण सरळ खाली, गुरुत्वमध्यातून. उतार असला तरी सरळ खालीच. प्रत्येक स्पर्शाच्या जागी पृष्ठभागाला काटकोनात नॉर्मल रिअॅक्शन, वस्तूकडे ढकलणारी. आणि पृष्ठभागाला समांतर घर्षण.

घर्षणाची दिशा ठरवताना म्हणा: घर्षण नसतं, तर ही वस्तू या जागी त्या पृष्ठभागाच्या सापेक्ष कुठे घसरली असती? त्याच्या उलट बाण काढा. ‘सापेक्ष’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एक उदाहरण घेऊ. २०० न्यूटनच्या ठोकळ्यावर १०० न्यूटनचा ठोकळा आहे आणि वरचा ठोकळा आडव्या दोरीने भिंतीला बांधलेला आहे. खालचा उजवीकडे ओढायचा आहे. खालच्या ठोकळ्यावर वरून येणारं घर्षण डावीकडे आहे, तर वरच्या ठोकळ्यावर तेच घर्षण उजवीकडे आहे. वरचा ठोकळा कुठेही हललेला नाही, तरी त्याच्यावर घर्षण आहे, कारण खालचा पृष्ठभाग त्याच्याखालून सरकू पाहतो. दोन ठोकळ्यांमधला गुणांक ०.२५ आणि जमिनीचा ०.३ धरला, तर वर घर्षण २५ न्यूटन. जमिनीवर भार दोन्हींचा, ३०० न्यूटन, म्हणून तिथे घर्षण ९०. ओढायला ११५ न्यूटन लागतील. पहिल्यांदा सोडवणारे जमिनीवरचा भार २०० धरतात, ते जपा.

दिशेचा अंदाज चुकला तर काय होईल? एफ अज्ञात ठेवला असेल तर काही बिघडत नाही. उत्तर ऋण येईल आणि दिशा उलटी आहे एवढं कळेल. पण एफच्या जागी म्यू एन लिहून टाकलं असेल, तर समीकरण तुमची चूक दुरुस्त करणार नाही. उत्तराचं चिन्ह नव्हे, आकडाच चुकीचा येईल. म्हणून म्यू एन लिहिण्याआधी दिशेची खात्री करून घ्या.

ओढणं आणि ढकलणं

आता परीक्षेत हमखास येणारं गणित. ५०० न्यूटनचा ठोकळा, गुणांक ०.२५. आडव्याशी ३०° कोनात वरच्या बाजूला ओढून हलवायला किती बल (पी) लागेल? आणि ३०° कोनात खालच्या बाजूला ढकलून?

ओढताना बलाचा उभा घटक ठोकळ्याला थोडा उचलतो. म्हणून:

एन = ५०० − ०.५ पी
०.८६६ पी = ०.२५ × (५०० − ०.५ पी)
०.९९१ पी = १२५, म्हणून पी = १२६.१ न्यूटन

ढकलताना तोच घटक ठोकळा जमिनीवर दाबतो:

एन = ५०० + ०.५ पी
०.८६६ पी = ०.२५ × (५०० + ०.५ पी)
०.७४१ पी = १२५, म्हणून पी = १६८.७ न्यूटन

ठोकळा तोच, कोन तोच, पण ढकलायला ४२ न्यूटनहून जास्त बल लागलं. या गणितातली एकच गोष्ट पक्की करा: एन म्हणजे वजन नव्हे. एन दर वेळी उभ्या दिशेच्या समीकरणातून काढायचा. आडव्या जमिनीवर आडवंच बल असेल तेव्हा तो योगायोगाने वजनाइतका येतो, आणि त्या सोप्या गणितांची सवय पुढे नडते.

सर्वांत कमी बलाने कोणत्या कोनात ओढता येईल, असाही प्रश्न येतो. तो कोन म्हणजे घर्षणकोन, ज्याचा टॅन म्यूइतका असतो. इथे तो सुमारे १४° आहे आणि बल वजन गुणिले त्या कोनाचा साइन, म्हणजे १२१.३ न्यूटन.

उतारावर

उतारावरच्या गणितात अक्ष उताराला समांतर आणि लंब घ्या. मग फक्त वजनाचे घटक पाडावे लागतात. साइन कुठे आणि कोसाइन कुठे असा गोंधळ झाला, तर उताराचा कोन शून्य करून बघा. सपाट जमिनीवर उताराच्या दिशेने वजनाचा घटक शून्य असायला हवा. साइन शून्य म्हणजे शून्य, तेव्हा उताराच्या दिशेने साइन.

४०० न्यूटनचा ठोकळा ३०° उतारावर आहे, गुणांक ०.४. उताराला समांतर, वरच्या दिशेने बल लावलं आहे. वजनाचा खाली ओढणारा घटक २०० न्यूटन. एन ३४६.४ न्यूटन. घर्षण जास्तीत जास्त १३८.६.

इथे एक उत्तर काढून थांबू नका. बल हळूहळू वाढवत न्या आणि घर्षण काय करतं ते पाहा. बल शून्य असताना २०० न्यूटन घर्षण लागतं, मिळतं १३८.६, म्हणून ठोकळा खाली घसरतो. बल ६१.४ झालं की तो जेमतेम थांबतो, घर्षण पूर्ण ताकदीनिशी वरच्या दिशेने. बल १०० असताना घर्षण १००, अजून वरच्याच दिशेने. बल २०० झालं की घर्षण शून्य! पृष्ठभाग खडबडीत आहे, पण घर्षणाला काही कामच उरलेलं नाही. बल २५० केलं की घर्षण ५०, पण आता दिशा खाली. आणि ३३८.६ ला ठोकळा वर सरकण्याच्या बेतात येतो. ६१.४ पासून ३३८.६ पर्यंत कुठलंही बल लावलं तरी ठोकळा जागेवरच राहतो. हा पट्टा एकदा स्वतःच्या हाताने आलेखावर काढला, की घर्षण म्हणजे ठरावीक आकडा नव्हे हे कायमचं मनात बसतं. घर्षणाच्या सगळ्या धड्यात मला हे उदाहरण सर्वांत मोलाचं वाटतं.

उताराचा कोन घर्षणकोनापेक्षा कमी असेल, तर ठोकळा कशाच्याही आधाराशिवाय थांबतो. स्क्रू जॅकने गाडी उचलून हात सोडला तरी ती खाली येत नाही, त्याचं कारण हेच. जॅकचा आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार, आणि त्याचा कोन मुद्दाम घर्षणकोनापेक्षा लहान ठेवलेला असतो.

गुणांक मोजायलाही हाच गुण कामी येतो. ड्रॉइंग बोर्डवर कंपासपेटी ठेवा आणि बोर्डचं एक टोक हळूहळू उचला. पेटी सरकू लागेल तिथे थांबा, उचललेल्या टोकाची उंची आणि जमिनीवरचं आडवं अंतर मोजा. उंची भागिले आडवं अंतर म्हणजे म्यू. पेटीत पट्टी, कर्कटक, जे हाताला लागेल ते भरून पुन्हा करा. वजन वाढलं तरी उत्तर साधारण तेच येईल.

शिडी

शिडीच्या गणिताला मुलं बिचकतात, कारण इथे बलांची दोन समीकरणं पुरत नाहीत, मोमेंटचं, म्हणजे बल गुणिले बिंदूपासूनचं लंब अंतर याचं, तिसरं घ्यावं लागतं. पण नीट मांडलं तर हे गणित अगदी सरळ आहे.

५ मीटर लांबीची, २०० न्यूटन वजनाची शिडी जमिनीशी ६०° कोन करून गुळगुळीत भिंतीला टेकली आहे. जमिनीचा गुणांक ०.३. ६०० न्यूटन वजनाचा माणूस शिडीवर किती अंतर (क्ष) चढू शकेल?

गुळगुळीत भिंत म्हणजे तिथे फक्त आडवी रिअॅक्शन, घर्षण नाही. उभ्या दिशेत जमिनीचा एन = २०० + ६०० = ८००. शिडीचा पाय बाहेर सरकू पाहतो, म्हणून तिथलं घर्षण भिंतीच्या दिशेने, जास्तीत जास्त २४०. आडव्या दिशेत भिंतीची रिअॅक्शनही २४०. आता मोमेंट शिडीच्या पायाशी घ्या. जिथे सर्वांत जास्त अज्ञात बलं एकत्र येतात, तिथे मोमेंट घ्यायचा, म्हणजे ती समीकरणातून आपोआप गळतात.

२४० × ५ साइन ६०° = २०० × २.५ कोस ६०° + ६०० × क्ष कोस ६०°
१०३९.२ = २५० + ३०० क्ष
क्ष = २.६३ मीटर

माणूस अर्ध्याच्या जरासा वर गेला की शिडी सटकणार. भिंतही खडबडीत असली, गुणांक ०.२५, तर? भिंतीवर शिडीचं टोक खाली घसरू पाहतं, म्हणून तिथलं घर्षण वर. ते शिडीचं थोडं वजन पेलतं आणि त्यामुळे जमिनीचा एन कमी होतो. भिंतीची रिअॅक्शन ०.३ एन, तिथलं घर्षण तिच्या ०.२५ पट, म्हणजे ०.०७५ एन. उभ्या दिशेत १.०७५ एन = ८००, एन = ७४४.२. भिंतीची रिअॅक्शन २२३.३ आणि तिथलं घर्षण ५५.८. पायाशी मोमेंट घेताना या ५५.८ चाही हिशेब धरा, त्याचं पायापासूनचं लंब अंतर ५ कोस ६०° म्हणजे २.५ मीटर. क्ष येतो २.८५ मीटर. भिंत खडबडीत करून जेमतेम २२ सेंटिमीटर मिळाले.

आता भिंत पुन्हा गुळगुळीत धरा आणि शिडीचा कोन ७५° करा. क्ष येतो ६.६३ मीटर. शिडी तर ५ मीटरचीच! उत्तर चुकलेलं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की माणूस टोकापर्यंत गेला तरी शिडी सटकत नाही. पडताळा हवा असेल तर माणूस टोकावर धरून लागणारं घर्षण काढा: १८७.६ न्यूटन, मिळणाऱ्या २४० पेक्षा कमी. शिडी टेकवताना शिडीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतका पाय भिंतीपासून दूर ठेवा असं सुरक्षेच्या सूचनांमध्ये सांगतात. तो कोन सुमारे ७५.५° भरतो. परीक्षेत असं उत्तर आलं तर खोडू नका, त्याचा अर्थ एका ओळीत लिहा.

सरकेल की उलटेल

६०० न्यूटनचं कपाट, रुंदी ०.६ मीटर, उंची १.८ मीटर, फरशीचा गुणांक ०.३. जमिनीपासून किती उंचीवर ढकललं तर ते न उलटता सरकेल?

सरकायला ०.३ × ६०० = १८० न्यूटन लागतात. उलटताना कपाट पुढच्या खालच्या कडेवर टेकतं आणि एन त्या कडेशी येतो. त्या कडेभोवती मोमेंट घ्या: बल × उंची = ६०० × ०.३ = १८० (इथे ०.३ म्हणजे अर्धी रुंदी, गुणांक नव्हे). म्हणजे १.२ मीटरवर ढकललं तर १५० न्यूटनलाच कपाट कलायला लागेल, सरकण्याआधी. ०.८ मीटरवर ढकललं तर उलटवायला २२५ लागतात, त्याआधीच १८० ला ते सरकतं. सीमा बरोबर १ मीटरवर. रुंदी भागिले दोन म्यू. त्यात वजन कुठेच येत नाही. घरात जड कपाट हलवताना कमरेच्या खाली हात लावून ढकलतात, त्याचा हिशेब हा आहे.

पाचर आणि दोर

पाचरेच्या गणितात एकच पथ्य आहे. दोन्ही वस्तूंची एफबीडी वेगळी काढायची आणि ज्या वस्तूवर अज्ञात कमी आहेत, बहुधा उचलायचा ठोकळा, ती आधी सोडवायची. मधल्या पृष्ठभागावरची बलं दोन्ही आकृत्यांत सारखी आणि उलट. नॉर्मल आणि घर्षण एकत्र करून एकच रिअॅक्शन घेतली, ती नॉर्मलपासून घर्षणकोनाइतकी कललेली, की प्रत्येक वस्तूवर तीनच बलं उरतात आणि लामीच्या प्रमेयाने, म्हणजे तीन बलांच्या संतुलनाच्या नियमाने, दोन ओळींत उत्तर येतं.

दोर किंवा पट्टा असेल, तर घट्ट बाजूचा ताण भागिले सैल बाजूचा ताण बरोबर ई चा घात म्यू थीटा. यात थीटा म्हणजे दोर जितका कोन टेकलेला असतो तो, आणि तो रेडियनमध्येच घ्यायचा. अंशात टाकला तर कॅल्क्युलेटर अवाच्या सव्वा आकडा दाखवेल. गुणांक ०.३ धरला, तर पट्टा पुलीला १८०° टेकला असताना हे गुणोत्तर २.५७ येतं. दोराचा एक पूर्ण वेढा दिला की ६.५९, दोन वेढ्यांना ४३, तिसऱ्याला २८६. रेवसच्या किंवा मांडव्याच्या धक्क्याला लाँच लागताना एकटा खलाशी खुंटाला दोराचे वेढे देऊन एवढी मोठी लाँच धरून ठेवतो, ती या घातांकाच्या जोरावर. वेढे बेरजेने वाढतात, पण पकड गुणाकाराने वाढते. खुंटाची जाडी मात्र सूत्रात कुठेही नाही.

सराव कसा करावा

सोडवलेली गणितं वाचून हा विषय येत नाही. एक गणित सोडवून झालं, की त्यातली एक गोष्ट बदला आणि पुन्हा सोडवा. शिडीच्या गणितात माणसाखेरीज शिडीच्या पायाशी ३०० न्यूटनचं पोतं ठेवा, माणूस आणखी वर जाईल की नाही आणि का, याचा अंदाज आधी लिहा, मग काढा. उतारावरच्या गणितात बल उताराला समांतर न घेता आडवं घ्या. मग एन बदलेल आणि दोन्ही समीकरणांत बल येईल. उत्तर आलं की म्यू शून्य करून बघा: घर्षण नसताना जे व्हायला हवं, तेच सूत्र सांगतं का? सांगत नसेल, तर चूक जवळपास नेहमी एफबीडीतच सापडेल, आकडेमोडीत शोधत बसू नका.